हाताची चलाख

आमच्या रायपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम पाहणाऱ्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. काही तरी थरारक लिहून द्या नं." त्यांच्या डोळ्यांसमोर रक्त, पळापळ, बाहेर बाकावर रडणारे नातेवाईक असं काहीसं असणार. ते सगळं मी पाहिलं आहे. पण रक्ताचं काय, साबण लावून धुतलं की जातं. मला आजही छळतो तो एक शब्द, आणि तो कोणी मला बोललेला नाही. मीच लिहिला, निळ्या पेनानं, खाली सही ठोकून.

त्या शब्दापर्यंत जायचं तर आधी आमचं काम सांगावं लागेल. बाहेरच्या लोकांना नर्स म्हटलं की इंजेक्शन आणि थर्मामीटर आठवतं. माझ्या सख्ख्या नणंदेनं मला एकदा विचारलं होतं, "वहिनी, ऑपरेशन तर डॉक्टर करते, मंग तुमी तिथं काय करून राहता?" मी म्हटलं, "मी त्याले सामान देते." ती म्हणाली, "बस, एवढंच?" मी म्हटलं, "हो, एवढंच." उत्तर खोटं नव्हतं.

सर्जनची नजर जखमेवर असते. ती तिथून हलली की हात चुकतो. म्हणून त्यानं फक्त तळवा पुढे करायचा आणि हवी ती वस्तू त्या तळव्यावर यायला पाहिजे, मुठीचा भाग त्याच्याकडे, टोक आमच्याकडे. अलगद ठेवली तर कळत नाही, म्हणून थोडी ठसक्यानं द्यायची. सुई चिमट्यात धरून द्यायची तर तिचं टोक कुठल्या बाजूला हवं हे ठरलेलं असतं. डावखुऱ्या डॉक्टरला उलट. हे सगळं त्याच्या मागण्याच्या अगोदर तयार पाहिजे, म्हणजे आपल्यालाही ऑपरेशन तितकंच यायला पाहिजे जितकं त्याला येतं. फरक इतकाच की त्याचं नाव दारावर असतं.

आमचे मोठे सर्जन, त्यांना सगळे बडे सर म्हणत, फार गुणी माणूस, पण त्यांना वस्तूंची नावं घेण्याचा कंटाळा. त्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा, "वो." चिमटा हवा तरी वो, कात्री हवी तरी वो. चुकीची वस्तू पडली की ती जमिनीवर टाकायचे आणि म्हणायचे, "ये नहीं, वो." नव्या मुली रडत बाहेर जायच्या. मी त्यांना सांगायची, पोरींनो, सरांच्या तोंडाकडे लक्ष देऊ नका, जखमेकडे द्या. रक्त उडालं तर वो म्हणजे चिमटा, दोरा बांधून झाला तर वो म्हणजे कात्री. रडून काय समजणार आहे?

लोकांना वाटतं या कामाला घाई लागते. घाईसारखी वाईट गोष्ट नाही. मी नवी असताना भनपुरीच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलेला एक माणूस आला होता, पोट रक्तानं भरलेलं. मी इतकी घाई केली की कोपर लागून अर्धा ट्रे जमिनीवर. जमिनीवर पडलेली वस्तू आमच्या लेखी मेलेली, ती पुन्हा उकळून आल्याशिवाय वापरता येत नाही. तेव्हाच्या माझ्या मोठ्या सिस्टरनं, केरळच्या होत्या, मला हातानं बाजूला केलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. त्या काही पळाल्या नाहीत, धापा टाकल्या नाहीत. पण त्यांचे हात दिसतच नव्हते. माणूस वाचला. त्या दिवशी मला कळलं की घाई करणारीचे हात सगळ्यांना दिसतात आणि काम येणारीचे कोणालाच दिसत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण नेमकं हेच लिहायला जाऊन मी एका बाईचं वाटोळं करायला निघाले होते.

आता रायपूरच्या मराठी माणसाची भाषा. आम्ही विदर्भातून आलेले, वडील रेल्वेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, बाजारात छत्तीसगढी. तिन्ही भाषा आम्हाला येतात असा आमचा समज असतो, आणि तोच घात करतो. एकदा ऑपरेशनच्या आधी मी वॉर्डबॉयला हुकूम सोडला, "टेबल थोड़ा खाली करो." माझ्या मनात, टेबल जरा खाली घे. तो बिचारा टेबलावर झोपलेल्या पेशंटकडे बघत म्हणाला, "खाली कर दूं? फिर इसको कहां रखूं सिस्टर?" बडे सर मास्कच्या आत हसले, पेशंटही हसला. तेव्हा मीही हसले. हिंदी आणि मराठीची अक्षरं एकच, त्यामुळे शब्द या घरातून त्या घरात जातो तेव्हा दारावर कोणी अडवत नाही, आणि तिकडे गेल्यावर त्याची चाल बदलली तर आपल्याला कळतही नाही.

टिकेश्वरी आमच्याकडे आली ती तिशीतली होती. राहायची बीरगांवला. नवरा उरला नावाच्या औद्योगिक भागात वेल्डर, एक मुलगी शाळेत. कंत्राटी नर्स म्हणून लागली होती, म्हणजे दर वर्षी नवा कागद, नवी धाकधूक. तोंडात शब्द नाही. पहिल्या दिवशी बडे सरांनी तळवा पुढे केला, "वो" म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याआधीच चिमटा हातात. सरांनी मान वर केली. इतक्या वर्षांत ऑपरेशन चालू असताना त्यांनी मान वर केलेली मी तेव्हा प्रथम पाहिली. दुसऱ्यांदा तळवा पुढे केला, कात्री आली. मग त्यांनी मागणंच सोडून दिलं. ती उभी असली की थिएटरमध्ये बोलणंच बंद व्हायचं, फक्त स्टीलचा आवाज.

मला तिचा हेवा वाटला का? वाटला, खोटं कशाला सांगू. जे मी दहा वर्षांत कमावलं ते ती घेऊनच आली होती. पण हेव्याहून अभिमान मोठा होता. मी तिला माझ्या हाताखाली घेतलं, बाकीचं शिकवलं, रक्त टिपायचे मॉप मोजायचे कसे, दोरे निवडायचे कसे. ती मला दीदी म्हणायची. माझ्या डब्यातली वांग्याची भाजी तिला आवडायची आणि तिच्या डब्यातला फरा मला. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफवलेली वळकुटी.

अशातच ब्राह्मणपाऱ्यातले एक निवृत्त मास्तर हर्नियाच्या ऑपरेशनला आले. भोसल्यांच्या काळापासून इथे असलेलं घराणं, नातवंडांपर्यंत सगळे हिंदी बोलणारे, मराठी फक्त गुरुजींच्या तोंडात उरलेली. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर केलं होतं, म्हणजे माणूस जागाच. ऑपरेशन अर्ध्यावर आलं असेल, टिकेश्वरीनं एक सुटलेली सुई अशी काही झेलली की माझ्या तोंडून निघून गेलं, "काय चलाख आहे गं ही पोरगी!"

पडद्याच्या पलीकडून गुरुजींचा आवाज आला, "सिस्टर, काय म्हटलं तुमी आता? चलाख?"

"गुरुजी, बोलू नका. पडून राहा."

"पडूनच तर राहिलो आहे. पाय कुठं आहेत तेही समजून नाही राहिलं. पण कान चालू आहेत. हा शब्द किती वर्षांनी ऐकून राहिलो मी. आमची आई म्हणे."

मग त्यांनी तिथेच तास घेतला. "ध्यानात ठेवा. चपळ म्हणजे पायाचं. हरीण चपळ, मांजर चपळ. चतुर म्हणजे डोक्याचं. अन् चलाख म्हणजे हाताचं. डोळ्यानं पाहिलं अन् हातानं केलं, मधात डोक्याले विचाराची गरजच नाही, त्याले म्हणाचं चलाख. पण सांभाळून हं. चलाख म्हटलं तर तारीफ, अन् चलाखी केली म्हटलं का मामला बिघडला. हातचलाखी म्हटलं तर एक तं जादूगार, नाही तं खिसेकापू. एका अक्षराचा खेळ आहे."

बडे सर म्हणाले, "ये क्या बोल रहे हैं?"

मी म्हटलं, "सर, व्याकरण."

"चलने दो," सर म्हणाले. "बीपी अच्छा है इनका."

गुरुजी टाके काढून आनंदानं घरी गेले, शब्द मात्र माझ्याकडे ठेवून गेले. मला तो फार आवडला. चपळ म्हणावं तर टिकेश्वरी काही पळत नव्हती. हुशार म्हणावं तर हुशार कोणीही असतं. चलाख हा तिच्या हाताच्या मापाचा शब्द. गुरुजींच्या सूचनेचा दुसरा भाग मात्र मी कानाआड केला. कौतुकाच्या भरात माणूस अर्धंच ऐकतो.

त्या वर्षी कंत्राटी नर्सेसपैकी काहींना पक्कं करायचं ठरलं. प्रत्येकीसाठी तिच्या वरच्या सिस्टरनं गोपनीय शेरा लिहून द्यायचा होता, अर्थात हिंदीत. टिकेश्वरीचं वय मर्यादेच्या काठावर होतं. या खेपेला राहिली की पुन्हा संधी नाही, जन्मभर दरवर्षीचा नवा कागद. तिनं मला तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत होतं. मी ठरवलं की असा शेरा लिहायचा की ऑफिसनं वाचतच राहावं.

बाकीच्या मुलींचे शेरे मी दहा मिनिटांत उरकले. मेहनती है, समय पर आती है, व्यवहार अच्छा है. टिकेश्वरीचा लिहायला चहाचे दोन कप लागले. मी लिहिलं ते शब्दशः देते, कारण ते आता मला पाठ आहे: "हाथ की बहुत चलाख है. सामान इधर से उधर कब हो जाता है, किसी को पता नहीं चलता. ऐसा हाथ सिखाने से नहीं आता."

हसू नका. किंवा हसा, मला काय. मी ते पुन्हा वाचलं, स्वतःवर खूश झाले आणि सही केली.

दीडेक महिन्यानं टिकेश्वरीची बदली झाली. आमच्या हॉस्पिटलचा भनपुरीला एक छोटा दवाखाना होता, ट्रकवाले आणि हमाल लोकांच्या जखमा बांधायचा. तिथे. मला आधी धक्का बसला, मग वाटलं, बीरगांव तिथून जवळ आहे, तिनंच मागून घेतली असणार. जाताना ती मला भेटलीही नाही. फोन केला नाही. मी मनाशी म्हटलं, बरं आहे बाई, काम शिकली, दीदी विसरली.

आणि मी अडून बसले. माझा स्वभावच तसा आहे, चूक कोणाची हे ठरायच्या आत मी रुसून मोकळी. घरी यांनी विचारलं, "काहून तोंड पाडून राहिली? तिनं फोन नाही केला तं तू कर नं." मी म्हटलं, "मी कायले करू? लहान कोण, मी का ती?" हे म्हणाले, "मंग बस," आणि पेपर वाचायला लागले. असे तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. शब्द लिहिणं ही चूक होती, पण फोन न करणं हा माज होता.

माझ्या निवृत्तीचे कागद करायला मी ऑफिसात गेले, तेव्हा तिथली कारकून मुलगी सहज म्हणाली, "दीदी, एक बात है, आपने हिम्मत की. अपनी ही सिस्टर के बारे में सच लिखना, हर कोई नहीं लिखता."

"कुणाबद्दल गं?" मी मराठीतच विचारलं. तिला मराठी कळायची, मूळची अमरावतीकडची, पण उत्तर हिंदीतच द्यायची.

"वो टिकेश्वरी. नाम कट गया ना लिस्ट से. आपके ही लिखने से तो पता चला कि हाथ की चालाक है, सामान इधर-उधर करती है."

मी म्हटलं, "फाइल दाखव." गोपनीय असते, नको म्हणत होती, पण माझं तोंड बघून तिनं काढली. मी माझंच अक्षर वाचलं. पहिल्यांदा नेहमीसारखं वाचलं. मग तिच्या डोळ्यांनी वाचलं, ऑफिसातल्या साहेबांच्या डोळ्यांनी, हिंदीतून, जिथे चालाक म्हणजे लबाड. चालाक. सामान इधर से उधर. किसी को पता नहीं चलता. ऐसा हाथ सिखाने से नहीं आता. ध चा मा करायला इतिहासात निदान कोणीतरी दुसरं लागलं होतं. इथे अक्षर न अक्षर माझं होतं, कोणी बोट लावलं नव्हतं, आणि त्यातून एक चोर उभी राहिली होती. शेजारी लाल शाईनं लिहिलं होतं की या कर्मचाऱ्याला ऑपरेशन थिएटर आणि स्टोअरपासून दूर ठेवावं. त्याखाली टिकेश्वरीची सही. म्हणजे तिला हे वाचून दाखवलं होतं.

मी ती फाइल उचलली.

तशीच साहेबांच्या खोलीत गेले. वर्षभरापूर्वीच आलेले, उत्तरेकडचे, तरुण, सभ्य. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, मैं तो बचपन से चालाक का एक ही मतलब जानता हूं. और ये 'किसी को पता नहीं चलता', इसका और क्या मतलब निकालूं, आप ही बताइए." त्यांचंही खोटं नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, आणि वर दोन शब्द जास्त सुनावले असते.

ज्या शब्दानं घात केला त्याच्याकडून वकिली कशी करवून घ्यायची? मग मी म्हटलं, "सर, आप वो फाइल पढ़ते रहिए. ऊपर मत देखिए. बस हाथ आगे कीजिए." ते गोंधळले, पण वयाचा मान ठेवला. तळवा पुढे केला. त्यांच्या टेबलावर होतं तेवढं सामान मी वापरलं. म्हटलं, सही करायची आहे, आणि पेन हातात दिलं, टोपण काढून, निब खाली. मग पान उलटायला लागले तर पट्टी. दोन कागद एकत्र धरले तर स्टेपलर, तोंड बरोबर कागदाकडे. ते काही मागत नव्हते आणि वस्तू येत होत्या. चारपाच वेळा झाल्यावर त्यांनी मान वर केली.

मी म्हटलं, "पेन कब आया, पता चला?"

"नहीं."

"इसको हमारे में चलाख बोलते हैं सर. और मैं तो बूढ़ी हो गई. वो मुझसे दुगुनी है."

त्यांनी हातातला स्टेपलर टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "लिखा हुआ तो मैं काट नहीं सकता. आप नया लिखकर दीजिए, मैं साथ में लगाऊंगा. और सिस्टर, इस बार किसी से पढ़वा लीजिएगा." मी तो नवा शेरा कारकून मुलीला मोठ्यानं वाचायला लावला. दोनदा.

दुसऱ्या दिवशी भनपुरीला गेले. रस्त्यावर ट्रकच ट्रक, धूळ, टायरची दुकानं, त्यांच्या मधोमध दवाखाना. टिकेश्वरी एका ड्रायव्हरच्या पायाची पट्टी बदलत होती. मला बघून उठली, स्टूल दिलं, पाणी आणलं. नेहमीसारखी. ड्रायव्हर जाईपर्यंत मी थांबले.

मग मी सांगितलं. नीट सांगायचं ठरवून आले होते, सगळं उलटसुलट झालं. गुरुजी, हर्निया, चपळ पायाचं, चलाख हाताचं. ती ऐकत होती. मी म्हटलं, "टिकेश्वरी, तू मला एक फोन का नाही केलास गं? भांडायचं होतंस. शिव्या द्यायच्या होत्यास."

ती म्हणाली, "आपसे कैसे लड़ती दीदी? आप लिखे हव, त गुन के लिखे होहू." तुम्ही लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल.

मी म्हटलं, "तुला वाटलं मी तुला चोर म्हटलं?"

"पहले दिन लगा, झूठ है. फिर लगा, दीदी झूठ तो नहीं लिखेंगी. मुझसे ही कहीं कुछ हुआ होगा, मुझे पता नहीं चला होगा. आपने भी तो यही लिखा था, किसी को पता नहीं चलता." ती पट्टीचे तुकडे गोळा करत बोलत होती. "घर जाके पूरा पेटी उलट के देखी मैं. बेटी का बस्ता भी. कि अस्पताल का एक ठन सुई भी तो नहीं आ गया मेरे साथ."

मी तिथे ढसाढसा रडले. बाहेर दोन हमाल पट्टी करायला थांबले होते, त्यांना वाटलं माझंच कोणी गेलं. टिकेश्वरीनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "छोड़व न दीदी." तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तीन महिने माझ्यामुळे स्वतःवर पहारा देणारी बाई माझी समजूत काढत होती, आणि मी ती काढू दिली. याचीही लाज वाटते.

पक्कं करणाऱ्या समितीत तिचं नाव पुन्हा गेलं. बडे सरांनी स्वतः जाऊन सांगितलं, तेही पूर्ण वाक्यात, असं ऐकलं. ती पक्की झाली, थिएटरमध्ये परत आली. पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना पेढे दिले, साहेबांनाही देऊन आली. माझ्या निवृत्तीला तेव्हा महिना उरला होता. मी मनात म्हटलं, चला, निस्तरलं.

पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. सरांनी तळवा पुढे केला. चिमटा आला, बरोबर तोच, मूठ बरोबर त्यांच्याकडे. पण आधी एक क्षण तो ट्रॉलीच्या वर थांबला होता. मला वाटलं, सवय गेली असेल, येईल. कात्रीही तशीच थांबली. सुईसुद्धा. प्रत्येक वस्तू ती उचलायची, दिव्याखाली जराशी वर धरायची, सगळ्यांना दिसेल अशी, आणि मग द्यायची. ऑपरेशन संपल्यावर तिनं दोन्ही हातमोज्यांचे तळवे उताणे करून धरले. एकदा सरांसमोर, एकदा माझ्यासमोर. कोणी मागितलं नव्हतं. मग मोजे काढून टाकले.

चुकीच्या वस्तूला जमिनीवर फेकणारे बडे सर तो क्षणभर तळवा उघडा ठेवून थांबायचे आणि काही म्हणायचे नाहीत. मी तिला बाजूला घेऊन समजावलं, रागावले, तिच्यासमोर स्वतःला शिव्या घातल्या. ती हो म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जो हात शिकवून येत नाही असं मी लिहिलं होतं, त्याला थांबायला मात्र मी शिकवलं होतं.

माझ्या शेवटच्या दिवशी मी तिच्या मागेच उभी होते. मला राहवलं नाही. तिच्याच बोलीत हळूच म्हटलं, "लउहा, टिकेश्वरी, लउहा." चटकन दे गं.

ती मास्कमधूनच, मागे न बघता म्हणाली, "हव दीदी. पहिली सब्बो झन देख लेवंय."

आधी सगळ्यांनी बघून घ्यावं, म्हणाली, आणि कात्री दिव्याखाली धरून उभी राहिली.